सांदण दरी ऐन थंडीत: साम्रदला तंबू, की दोरावरून उतरून दरीच्या पोटात मुक्काम?

दिवाळीचा फराळ संपला की ठाण्यातल्या प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपवर सांदणची पोस्टरं यायला लागतात, आणि सगळी सारखीच, दोन काळ्या भिंतींमधनं दिसणारी आभाळाची निळी पट्टी आणि खाली रंगीबेरंगी तंबू. पण त्या एकाच नावाखाली दोन पार वेगळे ट्रेक चालतात हे पोस्टर बघून कळत नाही. एकात तुम्ही वर साम्रद गावात तंबूत झोपता, सकाळी दरीत शिरता, दोर लागत नाही तिथपर्यंत जाता आणि आल्या वाटेने परत. दुसऱ्यात दोरावरून टप्पे उतरत खाली जायचं, रात्र दरीतच काढायची आणि दुसऱ्या दिवशी कोकणात डेहणे गावाला बाहेर पडायचं. पहिल्याला मी इथे 'वरचा' म्हणतो, दुसऱ्याला 'उतरायचा'. मार्च-एप्रिलमध्ये कुणी विचारलं तर मी म्हणेन दोन्ही करा, पण डिसेंबर-जानेवारीत या दोघांतला फरक इतका वाढतो की नीट विचार करूनच पैसे भरा.

ज्यांनी फक्त रीलच बघितलीये त्यांच्यासाठी थोडक्यात: सांदण म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळाला गेलेली उभी भेग. भिंती दोनशे-तीनशे फुटांच्या, आणि तळाला काही ठिकाणी जागा एवढी चिंचोळी की पाठीवर सॅक असलेली दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. दरीचं तोंड साम्रदला, म्हणजे भंडारदऱ्याच्या मागे, अकोले तालुका, नगर जिल्हा, आता अहिल्यानगर म्हणा. आजूबाजूला रतनगड, आजोबा, अलंग-मदन-कुलंग अशी किल्ल्या-डोंगरांची दिग्गज मंडळी उभी. आणि दरी जिथे मोकळी होते तो भाग ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात. म्हणजे उतरायचा ट्रेक करणारा ठाणेकर घाट उतरून चालत चालत आपल्याच जिल्ह्यात येतो, उगाच सांगतोय, मला ही गोष्ट फार आवडते.

आता मुद्द्याचं. लोक तयारी करतात ती रात्रीच्या थंडीची, दोन स्वेटर, कानटोपी, हातमोजे, आणि हे सगळं सॅकच्या तळाशी कोंबलेलं. पण उतरायच्या ट्रेकमध्ये माणूस सगळ्यात जास्त गारठतो तो भर दुपारी, रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून कडा उतरायच्या, रांगेत उभा असताना.

कसं ते बघा. दरीत शिरल्यावर थोड्या वेळात पाण्याची दोन टाकी लागतात, म्हणजे बांधलेली नव्हे, भिंतीपासून भिंतीपर्यंत साचलेलं पाणी. पहिलं गुडघा-मांडीपर्यंत, कडेच्या दगडांवरून कसरत करत बरेचदा चुकवता येतं. दुसरं चुकत नाही, डिसेंबरात कमरेपर्यंत सहज असतं, पाऊस लांबला असेल तर त्याच्याही वर, फेब्रुवारीपर्यंत उतरत जातं. हे पाणी सावलीतच साचलेलं, त्यामुळे बर्फाचं वाटतं. डिसेंबर अखेरीस आपल्याकडे ऐन दुपारी बारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपासच असतो, डोक्यावर येतच नाही, मग दोनशे फूट खोल फटीत तळाला ऊन कुठनं पोचणार? वरच्या भिंतीचा एक पट्टा पिवळाधमक दिसतो आणि तुम्ही खाली सावलीत. कातळ दिवसभर गार, त्यात चिंचोळ्या जागेतून वारा सुटला की जो काय सुटतो.

तर कमरेपर्यंत भिजून तुम्ही तासभर मोठाले धोंडे उतरत जाता, तोवर अंग गरम असतं, काही वाटत नाही, उलट मजा वाटते. मग येतो पहिला मोठा टप्पा, साधारण चाळीस-पन्नास फुटांचा, आणि तिथे रांग. माणशी पाच मिनिटं धरली, आणि नवखा माणूस कडेवर पाठ करून उभा राहायलाच दोन मिनिटं घेतो, तर एका दोरावर तीस जणांना अडीच तास लागतात. शनिवार असेल तर तुमच्या पुढे आणखी एका ग्रुपची बॅच असते. तुमचा नंबर पंचविसावा असेल तर तुम्ही ओल्या पँटमध्ये, ओल्या मोज्यांत, सावलीत, वाऱ्यात दोन तास नुसते उभे. आजूबाजूला बघा, आधी गप्पा थांबतात, मग सेल्फी थांबतात, मग कुणीतरी दगडावर बसून मोजे पिळतंय, कुणी दोन्ही हात काखेत घालून उड्या मारतंय, आणि एखादी पोरगी नुसतीच गप्प, ओठ जांभळे. आणि नंबर लागतो तेव्हा हीच बधिर बोटं घेऊन कॅरॅबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, लावायचं, दोर धरायचा. मला उंचीची भीती वगैरे ठीक वाटते, पण बधिर बोटांनी रॅपलिंग हा प्रकार आवडत नाही.

हायपोथर्मियाला, म्हणजे अंगाचं तापमान धोकादायक खाली जायला, बर्फच लागतो असं नाही हे लक्षात घ्या. हवा पंधरा डिग्री असली तरी ओलं सुती कापड आणि वारा एवढं पुरतं. कुणी थरथरतंय म्हणजे शरीर अजून लढतंय, पण कुणी बोलताना अडखळायला लागलं, साधी चेन लावता येईना, विचारलेलं नीट कळेना, तर तिथेच थांबून ओले कपडे काढायला लावा, कोरडं चढवा, गरम गोड काहीतरी पाजा. दारू नाही, दारूने बरं वाटतं पण अंगातली उष्णता उलट लवकर बाहेर जाते.

वरच्या ट्रेकमध्ये हा सगळा प्रकारच जवळजवळ नसतो. दुसऱ्या टाक्यात भिजलात तरी तुम्ही चालत राहता, वाटलं तर पाण्याच्या अलीकडूनच मागे फिरता, आणि तासा-दीडतासात वर उन्हात येऊन पोहे खाता. दरीचा सगळ्यात बघण्यासारखा भाग, तो चिंचोळा, दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील असा, तो वरच्या निम्म्यातच आहे. फोटो सगळे तिथलेच असतात. "पूर्ण केलं नाही तर काय केलं" म्हणणारे असतातच प्रत्येक ग्रुपमध्ये, त्यांना म्हणू द्या.

मात्र रात्रीचं गणित उलटं आहे, आणि इथे बरेच जण फसतात. दरीत खोल म्हणजे जास्त थंडी असं वाटतं ना? साम्रद सातशे मीटरच्या आसपास, उघड्या पठारावर. दरीचा तळ जिथे मुक्काम करतात तो त्याच्या बराच खाली, आणि डेहणे आणखी खाली, साम्रदपेक्षा चारशे-पाचशे मीटरने तरी. हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्री हा हिशोब धरला तर खाली दोन-तीन डिग्रीचा फरक पडतो, तोही आपल्या बाजूने. वर साम्रदला वारा तंबूला अक्षरशः झोडपतो आणि आकाश निरभ्र असलं की पहाटे चार ते सहा अंग पार गारठून जातं. पारा किती उतरेल हे ठाण्याच्या हवामानावरून ठरवू नका, ठाण्यात तुम्ही पंखा एकवर ठेवून झोपलेले असता. नाशिकचा अंदाज बघायचा. नाशिकला दहाच्या खाली गेल्याची बातमी आली की साम्रदलाही तेवढंच धरून बांधाबांध करायची.

खाली वारा कमी लागतो, पण तिथली अडचण वेगळी, दव. रात्री थंड हवा जड होऊन दोन्ही बाजूच्या उतारांवरून नाळेत, म्हणजे खालच्या घळीत, सरकते, तिथे पाणीही असतं, आणि सकाळी तंबू आतून असा ओला असतो की वाटतं रात्री पाऊस पडला. त्यात तुमचे कालचे भिजलेले बूट काही वाळलेले नसतात. खाली मुक्काम करायचाच तर पाण्याला चिकटून तंबू नको, जरा वर उचललेली सपाटी बघा, आणि तंबूची वरची जाळी उघडी ठेवा, थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन बंद केल्या की तुमच्याच श्वासाची वाफ तुमच्या अंगावर टपकते. शेगडी किंवा निखारे तंबूत घेऊन झोपायचा विचार तर डोक्यातूनच काढा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सामानाबद्दल दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. वरच्या ट्रेकला जीप किंवा गाडी गावापर्यंत जाते, तेव्हा घरची सोलापुरी चादर, जाड रजई, आईने जबरदस्तीने दिलेली शाल, काहीही न्या, कुणी विचारत नाही. फार गारठलात तर गावात घर आहे, चूल आहे, गरम तांदळाची भाकरी आणि पिठलं आहे. उतरायच्या ट्रेकला मात्र जे काही नेणार ते तुमच्या पाठीवर, धोंड्यांवरून, पाण्यातून आणि दोरावरून. हलकं हवं म्हणून लोक पातळ स्लीपिंग बॅग नेतात आणि मग रात्रभर कूस बदलतात.

स्लीपिंग बॅगवर ती किती तापमानापर्यंत पुरेल याचे दोन आकडे छापलेले असतात, कम्फर्ट आणि लिमिट. दुकानात लिमिटचा आकडा दाखवतात कारण तो कमी असतो, म्हणजे बॅग भारी वाटते. तुम्ही कम्फर्टचाच बघायचा. लिमिट म्हणजे सवय असलेला माणूस मुटकुळं करून कशीबशी रात्र काढेल तो आकडा. कम्फर्ट १५ डिग्री असलेली बॅग घेऊन जानेवारीत साम्रदला झोपणार असाल तर आत थर्मल आणि फ्लीस दोन्ही घालून झोपा. आणि भाड्याने घेताय तर आधी उघडून बघा, आतला कापूस गोळा झालाय का, चेन चालते का. बॅगेपेक्षाही लोक विसरतात ती खालची मॅट. अंगाखाली दबलेला कापूस काही कामाचा राहत नाही, थंडी जमिनीतून येते, त्यामुळे साधी जाड फोमची मॅट स्वेटरपेक्षा जास्त उपयोगी पडते. झोपताना स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट बघून, तिला एक मोजा चढवून पायाशी ठेवा, पहाटेपर्यंत मला दुवा द्याल.

उतरणाऱ्यांनी एवढं तरी ऐका: जीन्स नको, ट्रॅकपँट ड्रायफिटची, आणि कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड, आतल्या कपड्यांसकट, जाड कचऱ्याच्या पिशवीत गाठ मारून सॅकमध्ये वरच्या बाजूला. रात्रीसाठी नाही, पाणी ओलांडल्यावर लगेच बदलायला. लाज वाटत असेल तर विंडचीटर कमरेला बांधून बदला, सगळे तेच करतात. मोबाइल आणि पॉवरबँक रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा, थंडीत बॅटरी झरझर उतरते. डोक्याला टॉर्च हवीच. हेल्मेट तुमच्या ग्रुपने प्रत्येकाला दिलं पाहिजे, दोर उतरताना वरच्याच्या पायाने दगड सुटतात, हे थंडीबिंडीशी संबंधित नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आणि शेकोटी. वर गावात, ज्यांच्या शेतात तंबू लावलाय त्यांनी त्यांच्या जागेत पेटवली तर मजेत शेका. दरीत नको. एक तर हा भाग कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात येतो, जंगलातलं लाकूड ओढून आणायचं नाही, आणि दुसरं म्हणजे कड्यांना आग्या मोहोळं असतात. धूर आणि डिओ, दोन्हींनी मधमाशा खवळतात, आणि त्या फटीत पळायला जागा नाही.

गाडीचा मुद्दा छोटा वाटतो पण निम्म्या लोकांचा निर्णय तिथेच होतो. तुमची स्वतःची कार असेल तर ती साम्रदला उभी राहणार आणि उतरलात तर तुम्ही डेहण्याला. मध्ये अख्खा घाट. मग एक तर करोली घाटाच्या पायवाटेने चढून पुन्हा साम्रदला यायचं, आणि आदल्या दिवशीच्या दरीनंतर चार-पाच तासांची ती चढण पाय मागते, किंवा ड्रायव्हरला कसारा-शहापूर फिरवून खाली बोलवायचं. म्हणजे कार असेल तर सरळ वरचा ट्रेक. घोटीवरून शेंडी, तिथून साम्रद, ठाण्याहून चार-साडेचार तास, शनिवारी पहाटे निघालात तर जेवायला गावात.

लोकलवाल्यांना मात्र उतरायचा ट्रेक सोयीचा पडतो, हे मान्य करायला हवं. रात्रीची कसारा लोकल, तिथून जीप, दोन-अडीच तासांत साम्रद, आणि परतताना डेहण्याहून जीप किंवा टमटमने डोळखांब करत आसनगाव, आसनगावहून तासाभरात ठाणं. कुठेही मागे फिरणं नाही. ऐरोली-वाशीकडच्यांनी ट्रान्सहार्बरची शेवटची गाडी बघून जरा लवकर ठाणं गाठायचं, नाहीतर ट्रेकआधीच ओला-उबरला हजार रुपये.

बरोबर कोण आहे यावरही ठरतं. दहा-बारा वर्षांची मुलं, साठीचे आईबाबा, पहिल्यांदाच ट्रेकला येणारी बायको किंवा नवरा, यांच्यासाठी वरचा, यात चर्चाच नको. आईबाबांना पहिल्या पाण्यापर्यंत नेलं तरी ते खूश असतात, मग रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ दाखवा, कोरीवकाम बघत तासभर जातो. बायकांसाठी संडासाची सोय गावात घरगुती का होईना मिळते, खाली दरीत काही नाही, आणि पन्नास माणसांच्या कॅम्पमध्ये तो प्रश्न किती वैतागाचा होतो हे पोस्टरवाले कधी लिहीत नाहीत. शिवाय उतरायच्या ट्रेकमध्ये एकदा पहिला दोर उतरला की मागे फिरणं नाही. पाय मुरगळला, ताप चढला, घाबरलात, काहीही झालं तरी वाट पुढेच, आणि नेटवर्क नाही.

मग उतरायचंच नाही का थंडीत? उतरा ना, पण मला विचाराल तर दरीत झोपू नका. यात एक तिसरा रस्ता आहे जो ग्रुपवाले फारसे लावत नाहीत कारण त्यात मोठी बॅच बसत नाही. शुक्रवारी रात्री निघून शनिवार वर साम्रदला आरामात काढा, पाणी कुठवर आहे ते सकाळी जाऊन बघून या, रात्री चांदण्या बघा (१३-१४ डिसेंबरच्या आसपास गेलात आणि चंद्र नसला तर मिथुन राशीतल्या उल्का दिसतात, त्यासाठी पठारासारखी जागा नाही, दरीच्या तळातून आकाश दिसतंच किती), आणि रविवारी उजाडताच दरीत शिरा. सात वाजता उजाडतं, सहाला मावळतं, अकरा तास हातात. आठ-दहा जणांचा ग्रुप, दोन दोर, सोबत गावातला एक जाणता माणूस, तर रांग अशी उरतच नाही. दुपारपर्यंत दोराचे तिन्ही टप्पे उतरून मोकळ्या नाळेत उन्हात येता, तिथे ओले बूट काढून जेवायचं, आणि अंधाराच्या आत डेहणे. तंबू, मॅट, स्लीपिंग बॅग पाठीवर घेऊन दोर उतरायची गरज नाही, ते सामान वरूनच जीपने खाली पाठवायचं आधी बोलून ठेवा, थोडे पैसे जातात पण पाठ वाचते. यात त्रास एकच, दिवस फार मोठा होतो आणि सोमवारी ऑफिसला तुम्ही जिना धरून चढता.

दरीतच मुक्काम करायची हौस असेल, आणि ती असते, मला कळतं, दोन्ही बाजूंना आजोबा-रतनगडाचे कडे आणि मध्ये तुमचा एवढासा तंबू, तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत थांबा. पाणी उतरलेलं असतं, दिवस मोठा झालेला असतो, पहाटेचा कडाका गेलेला असतो. तेव्हा तो ट्रेक खरंच सुंदर आहे. पाणी पुरेसं आणि शुद्ध करायची सोय बरोबर घ्या, खालच्या डबक्यांचं तसंच पिऊ नका.

पण डिसेंबरचंच ठरलं असेल आणि कुठल्या तरी ग्रुपचा फॉर्म समोर उघडा असेल, तर पैसे पाठवायच्या आधी फोन करून चार गोष्टी विचारा. बॅच किती जणांची. पहिल्या टप्प्यावर दोर किती लावणार. पहिला माणूस किती वाजता उतरतो आणि शेवटचा किती वाजता. दुसऱ्या टाक्यात गेल्या आठवड्यात पाणी कुठवर होतं. नीट चालवणारी मंडळी ही उत्तरं न अडखळता देतात, उलट तुम्हालाच विचारतात की पोहता येतं का, दम्याचा त्रास आहे का. "अरे काही टेन्शन नाही, सगळे करतात, मजा येते" एवढंच ऐकू आलं तर फोन ठेवा आणि साम्रदचा मुक्काम बुक करा, तोही शक्यतो २६ जानेवारीचा जोडून आलेला वीकेंड सोडून, त्या दिवसांत दरीच्या तोंडाशीच दादर स्टेशनसारखी गर्दी असते.